कृष्णधवल फिल्म: एक्स्पोजर सावलीसाठी, डेव्हलपिंगची वेळ पांढऱ्यासाठी

कृष्णधवल फिल्म हातात घेतली की दोन सल्ले हमखास मिळतात. एक, "सरसकट एक स्टॉप जास्त एक्स्पोजर द्या, फिल्म सांभाळून घेते." दुसरा, "निगेटिव्ह पातळ आली ना? मग पुढच्या वेळी डेव्हलपरमध्ये जास्त वेळ ठेवा." दोन्ही सल्ले अर्धवट आहेत आणि त्यांच्यामागे लागून कितीतरी रोल वाया जातात. पहिल्यात तो एक स्टॉप (एक स्टॉप वर म्हणजे प्रकाश दुप्पट, खाली म्हणजे निम्मा) कशाच्या तुलनेत जास्त, याचा पत्ता नसतो. दुसऱ्यात निगेटिव्ह नेमकी कुठे पातळ आहे, सावलीत की उजेडात, हे कोणी विचारत नाही. उपाय मात्र त्या उत्तरावरच ठरतो.

एक्स्पोजरच्या वेळी प्रकाश सिल्व्हर हॅलाइडच्या कणांवर पडतो. ज्या कणाला पुरेसा प्रकाश मिळतो, त्यावर चांदीच्या मोजक्या अणूंचा एक सूक्ष्म ठिपका तयार होतो. डेव्हलपर असे कण शोधून त्यांची पूर्ण चांदी करतो. गडद सावलीत पुरेसा प्रकाश पोहोचलाच नसेल, तर डेव्हलपरला धरायला तिथे काही नसते. वेळ दुप्पट केली तरी तपशील उगवत नाही, फक्त फिल्मभर धुके, म्हणजे प्रकाशाशिवाय येणारी सरसकट करडी छटा, वाढते. उजळ भागात याच्या उलट असते. तिथे ठिपका पडलेले कण भरपूर असतात आणि प्रत्येक जास्तीच्या मिनिटाला घनता, म्हणजे निगेटिव्हचा काळेपणा, चढत जाते. म्हणून सावलीत तपशील असेल की नाही, हे कॅमेऱ्यात ठरते आणि पांढरे किती दाट होईल, हे टाकीत. एकाची चूक दुसऱ्याकडून दुरुस्त करून घेता येत नाही. पुढचे सगळे यावरच उभे आहे.

आधी काय पक्के करायचे

रीलवर फिल्म चढवणे, रसायने कालवणे, टाकी उलटीपालटी करणे तुम्हाला येते, असे धरतो.

एक फिल्म आणि एक डेव्हलपर निवडा आणि निदान काही महिने बदलू नका. एचपी५ प्लस, ट्राय-एक्स किंवा एफपी४ प्लस यांपैकी कोणतीही फिल्म चालेल. डेव्हलपर डी-७६ किंवा आयडी-११ घ्या, दोघांचे सूत्र जवळपास एकच आहे. मी १+१ प्रमाणात (एक भाग डेव्हलपर, एक भाग पाणी) वापरतो आणि एकदा वापरून फेकून देतो, त्यामुळे दर वेळी डेव्हलपर ताजा असतो. तापमान २० अंश सेल्सिअस. खोली गरम असेल आणि २० टिकत नसेल, तर २४ धरा, पण मग कायम २४च. फिल्म बनवणाऱ्या इल्फर्डच्या तक्त्यानुसार २० अंशांना ४ मिनिटे लागणाऱ्या फिल्मला २३ अंशांना ३ मिनिटे पुरतात. तीन अंशांत वेळेचा चौथा भाग जातो, यावरून थर्मामीटरशी हयगय का चालत नाही ते कळेल.

टाकी हलवण्याची पद्धतही एकच ठेवा. इल्फर्ड सांगते, पहिल्या १० सेकंदांत चार वेळा उलटी करा आणि नंतर प्रत्येक मिनिटाच्या सुरुवातीला पुन्हा तसेच. कोडॅक दर ३० सेकंदांनी हलवायला सांगते. कोणतीही निवडा, पण मध्येच अस्वस्थ होऊन जास्त हलवू नका. उजळ भागातला डेव्हलपर सर्वांत आधी थकतो आणि हलवण्यामुळे तिथे ताजा पोहोचतो. जास्त हलवणे म्हणजे पांढऱ्यापुरती वेळ वाढवण्यासारखेच आहे.

सावली मोजणे

मीटर ज्याच्याकडे रोखाल, ते मधल्या राखाडी रंगाचे आहे असे समजून तो आकडा देतो. काळा कोट दाखवला तरी आकडा राखाडीचा आणि पांढरी भिंत दाखवली तरी राखाडीचाच. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चर या अमेरिकन छायाचित्रकारांनी १९३९-४०च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या आर्ट सेंटर स्कूलमध्ये शिकवताना यावर झोनची पद्धत बसवली. शून्य म्हणजे ठार काळे, दहा म्हणजे कोरा कागद, पाच म्हणजे मीटरचा राखाडी आणि दोन शेजारच्या झोनमध्ये एका स्टॉपचे अंतर. यातले दोनच झोन रोजच्या कामात पाठ हवेत: तीन, म्हणजे पोत दिसणारी गडद सावली, आणि आठ, म्हणजे पोत दिसणारे पांढरे.

आता कृती. चित्रात जिथे गडद असूनही तपशील दिसायलाच हवा, अशी जागा शोधा: झाडाच्या खोडाची सावलीतली बाजू, काळे केस, गडद कापडाच्या चुण्या. उघड्या दारातला अंधार मोजू नका, तो काळाच राहू द्या. लहानशी जागाच मोजणारा स्पॉट मीटर नसेल तर कॅमेरा घेऊन जवळ जा, तीच जागा फ्रेमभर घ्या आणि तुमची स्वतःची सावली तिच्यावर पडू देऊ नका. समजा, एफ/५.६ला मीटरने १/३० सांगितले. हे एक्स्पोजर त्या सावलीला पाचव्या झोनमध्ये, म्हणजे मधल्या राखाडीवर नेऊन बसवेल. तुम्हाला ती तिसऱ्यात हवी आहे. दोन स्टॉप कमी करा: एफ/५.६ला १/१२५. हेच तुमचे एक्स्पोजर.

हे दोन स्टॉप बहुतेक जण विसरतात. "सावलीसाठी एक्स्पोजर द्या" हे वाक्य त्यांनी ऐकलेले असते, म्हणून सावली मोजतात आणि तोच आकडा कॅमेऱ्यावर लावतात. निगेटिव्ह दोन स्टॉप दाट येते, पांढरे ठोकळ्यासारखे होते आणि दोष फिल्मवर जातो.

त्याच जागेवरून आता पोत हवा असलेले सर्वांत उजळ पांढरे मोजा. एफ/५.६ला १/१००० आले, तर ते तुमच्या १/१२५ पासून तीन स्टॉप वर आहे, म्हणजे आठव्या झोनमध्ये. सावली आणि पांढरे यांच्या मापांत पाच स्टॉपचे अंतर आले, की दृश्य नेहमीचे. हे अंतर वहीत लिहा, पुढे डेव्हलपिंग त्यावर ठरेल.

स्वतःचा आयएसओ

डब्यावरचा आयएसओचा, म्हणजे फिल्मच्या वेगाचा, आकडा खोटा नसतो. तो प्रयोगशाळेत ठरावीक काँट्रास्टला डेव्हलप करून, फिल्मच्या तळाच्या घनतेहून ०.१० वर मोजलेला असतो. तुमचा मीटर, तुमचा शटर आणि तुमची टाकी हलवण्याची पद्धत त्या प्रयोगशाळेत नव्हती. म्हणून एकदा पडताळून घ्या.

एकसारखा उजेड असलेली साधी भिंत घ्या आणि फोकस अनंतावर ठेवा. फिल्म ४००ची असेल, तर मीटरवर ४००, ३२०, २५०, २०० आणि १६० असे क्रमाने लावून प्रत्येक मापापेक्षा चार स्टॉप कमी एक्स्पोजर द्या. ही पहिल्या झोनची फ्रेम, म्हणजे ठार काळ्याहून जेमतेम उजळ. फिल्म छापील वेळेने डेव्हलप करा.

आता एन्लार्जरवर (निगेटिव्ह मोठी करून कागदावर छापणाऱ्या यंत्रावर) एक काम आहे आणि पुढच्या सगळ्या चाचण्या त्यावर अवलंबून आहेत. फिल्मची पारदर्शक कडा निगेटिव्ह कॅरिअरमध्ये ठेवा. ग्रेड २च्या, म्हणजे मध्यम काँट्रास्टच्या, कागदावर टेस्ट स्ट्रिप (वाढत्या वेळांच्या पट्ट्या) काढा आणि पट्ट्यांमध्ये पहिल्यांदा कोणत्या वेळेनंतर काळेपणा आणखी वाढताना दिसत नाही, ते बघा. हा तुमचा किमान काळा. वेळ, लेन्सचे अ‍ॅपर्चर आणि एन्लार्जरच्या डोक्याची उंची, तिन्ही लिहून ठेवा. त्याच मापाने भिंतीच्या पाचही फ्रेम छापा. जी फ्रेम काळ्यापासून पहिल्यांदा, अगदी जरासा फरक दाखवते, तिचा आयएसओ तुमचा. बहुतेकांचा आकडा डब्यापेक्षा अर्धा ते एक स्टॉप खाली येतो. "एक स्टॉप जास्त द्या" या सल्ल्यात जे काही तथ्य आहे ते एवढेच. पण ते चाचणी करून कळले पाहिजे. सवयीने दिलेला स्टॉप आणि मोजून दिलेला स्टॉप यांत पुढे वेळ ठरवताना फार फरक पडतो.

डेव्हलपिंगची वेळ: अडतात ते इथेच

मलाही ही पायरी सर्वांत उशिरा उमगली. कारण असे, की प्रत्येक रोलमध्ये वेगळे दृश्य, वेगळा उजेड आणि वेगळा विषय असतो. प्रिंट सपाट आली, की वेळ कमी पडली की दृश्यच सपाट होते, हे कळायला मार्ग नसतो. अशा रोलवरून वेळ ठरवायची म्हणजे अंदाजावर अंदाज चढवणे. त्यासाठी असा एक रोल हवा, ज्यात डेव्हलपिंगची वेळ सोडून काहीच बदलत नाही.

एक पांढरा, खरखरीत विणीचा टॉवेल आणि एक गडद, पोत असलेले कापड घ्या. उजेड स्थिर हवा: निरभ्र आकाशातले ऊन किंवा मोकळ्या जागेतली सावली. ढग येत-जात असतील तर त्या दिवशी नको. मीटरवर स्वतःचा आयएसओ लावा. टॉवेल फ्रेमभर घेऊन मोजा आणि मापापेक्षा तीन स्टॉप जास्त द्या. तो आठव्या झोनमध्ये गेला. गडद कापड फ्रेमभर घेऊन मोजा आणि दोन स्टॉप कमी करा. ते तिसऱ्यात गेले. मग एक टॉवेलची, एक कापडाची, अशा आळीपाळीने ३६ फ्रेम भरा. कंटाळवाणे काम आहे, पण फ्रेम आळीपाळीने असल्यामुळे अंधारात फिल्म कुठेही कापली तरी प्रत्येक तुकड्यात दोन्ही कापडे येतात आणि कात्रीखाली एखादी फ्रेम गेली तरी काही अडत नाही.

पूर्ण अंधारात रोलचे साधारण अर्ध्या मीटरचे तीन तुकडे करा. दोन तुकडे प्रकाशबंद डब्यात ठेवा. पहिला तुकडा उत्पादकाने दिलेल्या वेळेने डेव्हलप करा. आयडी-११, १+१, २० अंश असेल तर एचपी५ प्लसला १३ मिनिटे. डी-७६, १+१मध्ये ट्राय-एक्सला पावणेदहा. फिल्म वाळवा, एन्लार्जर त्याच उंचीवर आणि त्याच अ‍ॅपर्चरवर आणा, ग्रेड २चा तोच कागद घ्या आणि किमान काळ्याच्या त्याच वेळेने टॉवेल छापा.

टॉवेलची वीण जेमतेम दिसते आणि तो पांढराच वाटतो, तर वेळ बरोबर आहे. कागद कोरा राहिला, तर डेव्हलपिंग जास्त झाले: पुढचा तुकडा १५ टक्के कमी वेळेने, म्हणजे १३ची ११ मिनिटे. टॉवेल मळका, राखाडी आला, तर १५ टक्के जास्त, म्हणजे १५ मिनिटे. तिसरा तुकडा या दोहोंच्या मधली वेळ नक्की करायला. पहिल्याच फेरीत पाच टक्क्यांचे बदल करू नका, एवढा फरक तुमच्या हात हलवण्यातच असतो आणि काहीच कळत नाही.

इथे बरेच जण एक गोष्ट करतात आणि सगळी चाचणी घालवतात. टॉवेल कोरा आला, की प्रिंटची वेळ वाढवून वीण "आणतात". वीण येतेच! पण आता जो प्रश्न विचारला होता त्याचे उत्तर बदलले. प्रिंटची वेळ किमान काळ्याने ठरली आहे, तिला हात लावायचा नाही. चांगली दिसणारी प्रिंट काढणे हे वेगळे काम आहे, ते नंतर. तसेच मल्टिग्रेड कागदावर फिल्टर बदलून टॉवेल जमवू नका. चाचणी संपेपर्यंत ग्रेड २ म्हणजे २.

प्रिंट ओली असताना निर्णय देऊ नका. वाळल्यावर, विशेषतः फायबर कागदावर, उजळ छटा थोड्या गडद होतात. ओल्या कागदावर कोरा वाटलेला टॉवेल वाळल्यावर वीण दाखवतो आणि तुम्ही उगाच वेळ कमी करून बसता.

निगेटिव्ह लाइटबॉक्सवर धरून "छान दाट आली आहे" म्हणणे हे तर मी कोणाकडूनच मान्य करत नाही. डोळा शेजारच्या छटेशी तुलना करतो, घनता मोजत नाही. स्कॅनरची स्वयंचलित पातळी त्याहून फसवी आहे. तो प्रत्येक निगेटिव्हचे सर्वांत गडद आणि सर्वांत उजळ टोक ओढून जागेवर बसवतो. ११ मिनिटांची आणि १५ मिनिटांची निगेटिव्ह पडद्यावर जवळपास सारखीच दिसते आणि तुम्हाला वाटते, की वेळेने काही फरक पडत नाही. स्कॅनरवरच चाचणी करायची असेल, तर सगळ्या स्वयंचलित दुरुस्त्या बंद करा आणि तिन्ही तुकडे एकाच स्थिर सेटिंगने स्कॅन करा.

डेव्हलपरचे प्रमाणही लक्षात ठेवा. १+१ केलेल्या डी-७६मध्ये ३५ मिमीच्या एका रोलला साधारण अर्धा लिटर द्रावण हवे, असे कोडॅक सांगते. २४० मिलीच्या टाकीत पूर्ण रोल घातलात, तर वेळ १० टक्के वाढवावी लागते. चाचणीचा तुकडा रोलच्या एक तृतीयांश असतो, त्यामुळे लहान टाकीत तो ताज्या डेव्हलपरवर चैन करतो आणि त्याच टाकीत नंतर पूर्ण रोल घातला, की निगेटिव्ह पातळ येते. म्हणून चाचणी आणि काम, दोन्हींसाठी द्रावण भरपूर ठेवा. १३ मिनिटांत टाकीचे तापमान सरकते, तेव्हा ती पाण्याच्या घमेल्यात उभी करा. वेळ ओतायला सुरुवात केल्यापासून मोजायची की ओतून झाल्यावर, हेही एकदाच ठरवा.

टॉवेल जमला, की गडद कापडाची फ्रेम छापा. वेळ बरीच कमी केली असेल, तर कापडाचा पोत किंचित बुडालेला दिसेल, कारण सावलीवरही डेव्हलपिंगचा थोडा परिणाम होतोच. मग आयएसओ एक तृतीयांश स्टॉप खाली आणा. इथे फिल्म, डेव्हलपर आणि तुम्ही यांची जोडी जमली.

दृश्य पाहून बदल

सावली आणि पांढरे यांत पाच स्टॉप असतील, तर तुमची नेहमीची वेळ. सहा निघाले, तर वेळ साधारण १५ ते २० टक्के कमी करा आणि एक्स्पोजर तिसरा हिस्सा ते अर्धा स्टॉप वाढवा. चारच निघाले, तर वेळ ३० ते ४० टक्के वाढवा. हे आकडे सुरुवातीपुरते, टॉवेलच्या चाचणीने तेही पक्के होतात. टी-मॅक्ससारख्या फिल्म वेळेतल्या बदलाला जास्त तीव्रतेने प्रतिसाद देतात, तिथे लहान पावले टाका. कमी करता करता वेळ पाच मिनिटांच्या खाली जात असेल, तर डेव्हलपर अधिक पातळ घ्या, नाहीतर आकाशात डाग आणि पट्टे येतात.

शीट फिल्मवर (चित्रागणिक सुटी फिल्म) प्रत्येक चित्र वेगळे डेव्हलप करता येते. ३५ मिमीच्या रोलवर ऊन, सावली आणि खोलीतला उजेड एकत्र असतात आणि सगळ्यांना एकच वेळ मिळते. अशा रोलला नेहमीच्या वेळेनेच डेव्हलप करा, सावली मात्र प्रत्येक फ्रेमला नीट मोजा आणि उरलेला फरक कागदाच्या ग्रेडवर सोडा. सपाट दृश्यासाठी ३५ मिमीवर वेळ वाढवायला मी नको म्हणतो. ग्रेन (दाणेदारपणा) वाढते आणि तोच काँट्रास्ट ग्रेड ३ किंवा ४ देतोच. कडक उन्हाचा पूर्ण रोल असेल, तर मात्र वेळ जरूर कमी करा. पांढरे एकदा फार दाट झाले, की ते छापताना हाताने जाळत, म्हणजे तेवढ्याच भागाला जास्तीचा उजेड देत, बसावे लागते.

पुशबद्दल, म्हणजे फिल्म जास्त आयएसओला वापरून जास्त वेळ डेव्हलप करण्याबद्दल. ४००ची एचपी५ प्लस १६०० आयएसओला वापरून आयडी-११च्या मूळ, पाणी न मिसळलेल्या द्रावणात साडेसातऐवजी १४ मिनिटे ठेवली, की चित्र मिळते आणि अंधारात ते नसण्यापेक्षा कधीही चांगले. पण फिल्मचा वेग वाढला असे समजू नका. मधल्या छटा वर आल्या, सावल्या दोन स्टॉपनी गेल्या त्या गेल्या. तेव्हा पुश करायचे असेल तर असे दृश्य निवडा, ज्यात काळी सावली शोभते.

एक सेकंदापेक्षा लांब एक्स्पोजरला फिल्म आळसावते. एचपी५ प्लससाठी मोजलेल्या सेकंदांचा १.३१ घात काढा, एफपी४ प्लससाठी १.२६. मीटरने १० सेकंद सांगितले, तर पहिलीला सुमारे २० आणि दुसरीला १८. उजळ भागांचा वेग सावल्यांइतका घटत नाही, म्हणून अशा रोलचा काँट्रास्ट चढतो आणि वेळ थोडी कमी करणे बरे.

स्टॉप बाथ, मग फिल्म स्वच्छ व्हायला लागते त्याच्या दुप्पट वेळ हायपो (फिक्सर), मग पाण्याने नीट धुणे. यात शिकण्यासारखे काही उरत नाही.

चाचणी पुन्हा कधी

फिल्म किंवा डेव्हलपर बदलला, की टॉवेल पुन्हा बाहेर काढा. थर्मामीटर बदलला तरी. एन्लार्जर बदलताना हे विशेष लागू आहे: कंडेन्सरचे (भिंगांनी प्रकाश एकवटणारे) डोके तीच निगेटिव्ह डिफ्यूजनच्या (प्रकाश पसरवणाऱ्या) डोक्यापेक्षा साधारण एका ग्रेडने कडक छापते. म्हणून कंडेन्सरवाल्याने सांगितलेली वेळ डिफ्यूजनवाल्याला सपाट वाटते आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. फक्त स्कॅनच करणार असाल, तर निगेटिव्ह किंचित सपाट आणि पातळ ठेवा, म्हणजे टॉवेलच्या चाचणीत बसलेल्या वेळेपेक्षा १० टक्के कमी. काँट्रास्ट नंतर वाढवता येतो, पण स्कॅनरला जिथून प्रकाशच पार नेता येत नाही अशा दाट पांढऱ्यातून त्याला काही वाचता येत नाही.